वादी स्वतः

माणसं ओळखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो पहिल्यांदा मोडला धुळ्याच्या दिवाणी कोर्टात. पुढे लग्न झाल्यावर तो घरीही मोडत गेला, पण ते वेगळं.

कोर्टात टायपिस्ट म्हणून लागून मला आठवडासुद्धा झाला नव्हता. शिरस्तेदार जेवायला जाताना बजावून गेले होते, "वकीलमंडळी आली तर बसव, चहा विचार. बाकीच्यांना बाहेर थांबू दे." थोड्या वेळाने दारात काळा कोट दिसला. मे महिन्याचं धुळं, भिंतीला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि या गृहस्थांच्या कोटाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. एवढा सोसणारा माणूस म्हणजे मोठा वकील, असं मी धरून चाललो. शिरस्तेदारांची खुर्ची पुढे केली, शिरस्तेदारांसाठी आलेला चहा पुढे ठेवला आणि अदबीने विचारलं, "वकीलसाहेब, पक्षकार बाहेर आहेत का?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, निवांत प्याले. मग म्हणाले, "पक्षकार आत आहे. वकील नाही."

तेव्हा मी कोटाची बटणं पाहिली. पितळी होती, आणि त्यांच्यावर रेल्वेची अक्षरं होती. माझा जन्म रावेरकडचा. केळीच्या बागेतून आगगाड्या बघत वाढलेला मी, मला रेल्वेचा टीसी ओळखू येऊ नये? शिरस्तेदार परतले तेव्हा खुर्चीत पक्षकार होता आणि कपबशी रिकामी होती. त्यानंतर ते मला काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

अशी माझी आणि नानांची ओळख झाली. त्यांचं नाव दाव्याच्या कागदावर मी नंतर कितीदा तरी टाइप केलं, पण कोर्टात त्यांना त्या नावाने कोणीच ओळखत नसे. वकिलाच्या नावाच्या जागी ते 'स्वतः' असं लिहीत. त्यामुळे शिपाई पुकारा करायचा तो "वादी स्वतः!" असाच, आणि नाना कुठल्याही कोपऱ्यातून "आहे" म्हणायचे. बाररूममधले तरुण वकील त्यांना बिनडब्याचं इंजिन म्हणत. नानांना ते कळत होतं. ते म्हणत, "इंजिन आहे ना? मग डबे लागतील मागून."

नानांची नोकरी सगळी भुसावळला झाली होती. निवृत्त झाल्यावर ते साक्री रस्त्यावरच्या आपल्या गावी येऊन राहिले, वस्तीतल्या जुन्या घरात. वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीतून स्मशानात जायला सरळ रस्ता गावाच्या मोठ्या गल्लीतून. पण वस्तीतला मृतदेह त्या गल्लीतून जात नसे. तो मागच्या नाल्यातून जायचा. तसा काही लेखी नियम नव्हता. कोणी कधी न्यायला गेलं की गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी राहायची, एवढंच. मग लोक आपणच नाल्याकडे वळायचे.

तर नानांचा दावा होता तो हा. ते मेल्यावर त्यांचा देह मोठ्या गल्लीतून नेण्याचा हक्क त्यांना आहे असं कोर्टाने जाहीर करावं, आणि अडवणाऱ्यांना कायमची मनाई करावी.

पहिला मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. त्यात एक वाक्य होतं, 'वादी लवकरच मयत होणार आहे.' शिरस्तेदारांनी त्याखाली लाल रेघ ओढली. "केव्हा?"

"ते मला कसं कळणार?"

"मग लवकरच कशावरून?"

नानांनी विचार केला. "बरं, 'वेळापत्रकाप्रमाणे' लिहू का?"

शिरस्तेदारांनी चष्मा काढून डोळे चोळले. शेवटी 'वादी हा वृद्ध इसम असून' यावर तडजोड झाली.

वकील का दिला नाही, हे मी त्यांना ओळख वाढल्यावर विचारलं. ते म्हणाले, दोघांना विचारून झालं. एक म्हणाला, फौजदारी करा, नागरी हक्काचा कायदा आहे, पोलीस बघतील. "आता बघ भाऊ, फौजदारी केली की गावातली चार पोरं आत जातील, आणि रस्ता बंद तो बंदच. मला कोणाला आत घालायचं नाही. मला गावातून बाहेर जायचंय." दुसरा वकील म्हणाला, आधी कोणी मरू द्या, अडवू द्या, मग दाव्याला कारण घडेल. "म्हटलं, मेल्यावर मला तारखेला येता येणार नाही."

मग म्हणाले, "आणि शेवटी चौघं माझ्या वतीने चालणारच आहेत. तोवर माझं मी बोलतो."

गावातून धुळ्याला येणारी एसटी सकाळी एकच होती. म्हणजे तारखेला वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीने यायचे. पहिले प्रतिवादी होते आबा, गावचे जुने पोलीसपाटील. मोठ्या गल्लीत मधोमध त्यांचं घर, आणि गल्लीत उभं राहायचं की नाही ते आबांच्या खाकरण्यावर ठरायचं असं म्हणत. नाना वस्तीच्या थांब्यावर आधी चढायचे आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवायचे. आबा गावाच्या थांब्यावर चढले की रुमाल उचलायचा.

"अहो, ज्याच्यावर दावा केला त्यालाच जागा धरता?" मी म्हटलं.

"तो तारखेला आलाच नाही तर माझी तारीख फुकट जाते ना."

आबा नानांना टीशी म्हणत. एकदा मी त्याच गाडीने येत होतो, पुढच्या बाकावर. मागून आबांचा आवाज आला, "टीशी, तू मरशी कव्हय ते एकदाव सांगी टाक. जजसायेबलेबी सोपं जाई."

"तुमना आधी मी जावाव नही, आबा."

"हाऊ बी दावाच शे का?"

आणि दोघंही हसले. धुळ्यात उतरल्यावर कोर्टाच्या कँटीनमध्ये दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर चहा पीत. एका टेबलावर कधीच नाही. नानांशेजारी चहा पिता म्हणून मी आबांना एकदा सहज छेडलं, तर ते म्हणाले, "गावमा चालत नही भाऊ. आठे कोन देखस?" कोणी बघत नव्हतं, तरीही टेबलं दोनच राहिली.

नानांच्या सवयी रेल्वेच्याच होत्या. पुढच्या तारखेला ते पुढचं स्टेशन म्हणत. न्यायाधीश रजेवर असले, कागद सापडला नाही, आबांचे वकील मुंबईला गेले, असं काही होऊन तारीख पडली की आम्ही ओशाळायचो आणि नाना आमची समजूत काढायचे, "गाडी लेट आहे, रद्द नाही." स्वतः मात्र ते तारीख मागत नसत. एसटीत कंडक्टर तिकिटं फाडत असताना यांची नजर त्याच्या हातावर. आमच्या घरी आले तेव्हाही दारातून आधी सगळ्यांना मोजून घेतलं, मग चपला काढल्या.

ते घरी आले ते आमचं लग्न झाल्यावर, कळण्याची भाकरी आणि भरीत खायला. मीच आग्रह केला होता. जेवण झालं, चहा झाला, आणि नाना कपबशी घेऊन मोरीकडे निघाले. आमची ही स्वयंपाकघरातून आली, त्यांच्या हातातली कपबशी घेतली आणि म्हणाली, "नाना, आमच्याकडे कप फक्त हे धुतात." मी कधी आयुष्यात कप धुतला नव्हता. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसले. त्या दिवसापासून कप मी धुतो.

कोटाचा प्रश्न निघाला तो पुराव्याच्या वेळी. आबांचे वकील तरुण होते, हुशार होते. त्यांनी हरकत घेतली की काळा कोट हा वकिलांचा पोशाख आहे, पक्षकाराला तो घालून कोर्टापुढे उभं राहता येणार नाही. न्यायाधीशांनी नानांना जवळ बोलावून बटणं पाहिली. म्हणाले, "हा रेल्वेचा आहे. राहू द्या." मग त्यांना जरा गंमत सुचली असावी. "असं करा, वकील म्हणून बोलाल तेव्हा अंगात ठेवा. साक्षीदार म्हणून बोलाल तेव्हा काढा."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. रेल्वेत वरिष्ठांनी हसत सांगितलं तरी तो हुकूमच.

साक्षीच्या दिवशी नाना वकिलांच्या जागेवर उभे राहिले, घसा साफ केला आणि साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघून विचारलं, "आपण कोणत्या गावी राहता?" मग कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर घडी पडणार नाही असा टाकला, पिंजऱ्यात चढले आणि गावाचं नाव सांगितलं. खाली आले. कोट घातला. "आपला व्यवसाय काय?" कोट काढला. वर चढले.

न्यायाधीश त्यांना थांबवू शकले असते. सरळ सांगत जा, म्हणाले असते तर अर्ध्या तासात काम होतं. पण पहिल्या दोन प्रश्नांना कोर्टात जी खसखस पिकत होती ती हळूहळू बंद झाली. नानांना दम लागत होता. चढताना ते पिंजऱ्याचा कठडा धरायचे, आणि खाली आल्यावर कोटाच्या बाहीत हात घालायला त्यांना वेळ लागायचा. आबांचे वकील एकदा अर्धवट उठले, बाही धरावी म्हणून असेल, आणि पुन्हा बसले. मी यंत्रावर बोटं ठेवून वाट बघत राहायचो. प्रश्न, मग बराच वेळ काही नाही, मग उत्तर.

"वस्तीपासून स्मशानात जाण्यास सरळ रस्ता कोणता?"

"मोठी गल्ली."

"त्या रस्त्याने गावातील इतर लोकांचे मृतदेह जातात काय?"

"जातात."

मग नानांनी कोट घालून विचारलं, "आपल्या पत्नीचा देह कोणत्या रस्त्याने नेण्यात आला?"

कोट काढला. पिंजऱ्यात चढले. कठडा धरला आणि समोर त्या रिकाम्या खुर्चीकडे, कोटाकडे बघत उभे राहिले. तोंड उघडलं आणि मिटलं. पंख्याचा आवाज येत होता. मागच्या बाकावर आबा बसले होते, ते जमिनीकडे बघत होते. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

बऱ्याच वेळाने नाना खाली उतरले. कोट घातला, सगळी बटणं लावली आणि म्हणाले, "साक्षीदार थकला आहे, साहेब. पुढची तारीख मिळावी."

नानांनी मागितलेली ती एकुलती एक तारीख. त्या स्टेशनावर त्यांनी एका दमात सांगितलं, आणि मी टाइप केलं ते असं: नाल्यातून नेण्यात आला. श्रावण होता. पाणी होतं. पुढच्याचा पाय घसरला आणि तिरडी हातातून सुटली. साक्षीदार त्यावेळी मागच्या बाजूला खांदा देत होता.

उलटतपासात आबांच्या वकिलांनी त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. आबांनी नको म्हणून सांगितलं होतं की त्यांनाच नको वाटलं, मला माहीत नाही.

पण तोच हुशार वकील शेवटच्या युक्तिवादात एक गोष्ट शोधून घेऊन आला. आमच्याकडे प्रेत स्मशानात नेताना वाटेत एकदा खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात. त्याला विसावा म्हणतात. त्या गावच्या विसाव्याचा दगड मोठ्या गल्लीतच होता, आबांच्या ओट्यासमोर. वकील म्हणाले, वादीने गल्लीतून नेण्याचा हक्क मागितला आहे, विसाव्याला थांबण्याचा मागितलेलाच नाही. तेव्हा तो तरी देता येणार नाही.

न्यायाधीशांनी दावा पुन्हा वाचला. खरंच नव्हतं. ते नानांना म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज द्या. मी मंजूर करीन. पण मग प्रतिवादींना नवी कैफियत द्यायची संधी द्यावी लागेल, त्यांना पाहिजे तर साक्षीदारही."

जेवणाच्या सुट्टीत मी यंत्रात कागद घालून तयार बसलो. नाना शेजारी बसले होते. केळं सोलून हातात धरलं होतं, खात नव्हते.

"नाना, हे राहिलं कसं?" मी विचारलं.

"नाल्यात विसावा नसतो भाऊ," ते म्हणाले. "चिखलात ठेवणार कुठे? वस्तीत कोणाला ती सवयच नाही. लिहिताना आठवलंच नाही."

एखाद्या वकिलाला आठवलं असतं, हे मला सुचलं आणि त्यांनाही सुचलं असणार.

"मला त्या दगडाचं काही नाही," ते पुढे म्हणाले. "धम्मात ते कुठे सांगितलंय? पण स्मशान लांब आहे. खांदे दुखतात पोरांचे."

भुसावळच्या डॉक्टरने त्यांना छातीबद्दल काय सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. नवी कैफियत, नवे साक्षीदार, म्हणजे आणखी किती उन्हाळे कोण जाणे. आणि निकालाआधी वादी गेला, तर हा दावा त्याच्याबरोबरच जाणार. सुट्टी संपल्याची घंटा झाली. नानांनी केळं माझ्या टेबलावर ठेवलं, कोटाची बटणं लावली आणि आत जाऊन सांगितलं, "विसावा सोडला, साहेब. गाडी पुढे जाऊ द्या."

निकाल नानांच्या बाजूने लागला, तशी कोर्टाची डिक्री झाली. फक्त नानांनाच नाही, वस्तीतल्या सगळ्यांना तो रस्ता मोकळा, असं न्यायाधीशांनी त्यात घातलं. निकाल वाचून झाल्यावर नाना बाररूमच्या दाराशी गेले आणि आत डोकावून म्हणाले, "लागले हो डबे." आबांनी अपील केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर नाना तारखेला यायचे बंद झाले, आणि मला शनिवार-रविवारी कधीतरी त्यांच्याकडे जायची सवय लागली. त्यांनी एक नवीनच काम काढलं होतं. रोज सकाळी कोट घालून वस्तीतून निघायचं, मोठ्या गल्लीतून चालत स्मशानापर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. "नव्या रुळावर आधी नुसतं इंजिन सोडतात," ते म्हणायचे. सुरुवातीला गल्लीतली दारं लागायची म्हणे. मी पाहिलं तोवर पोरं "टीशी आला, टीशी आला" करत मागे धावत होती आणि एक म्हातारी दारातून विचारत होती, "नाना, आज उशीर व्हयना का?"

विसाव्याच्या दगडापाशी त्यांना दम लागायचा. ते दगडाशेजारी उभे राहून दम घ्यायचे. आबा समोरच्या ओट्यावरून म्हणायचे, "बठ ना टीशी त्या दगडवर. कोन काय म्हनस?"

"डिक्रीत नाही, आबा."

"आते तुले काय म्हनो?"

"तिकीट जिथपर्यंतचं, तिथपर्यंत जायचं."

डिक्रीनंतर वस्तीतलं पहिलं माणूस गेलं ते नानाच. निरोप आला तेव्हा ही आपणहून म्हणाली, "मीही येते." आम्ही पोचलो तेव्हा त्यांची मुलगी चाळीसगावहून आली होती. ती शाळेत शिक्षिका होती, वडिलांसारखीच ताठ. वस्तीतली सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत उभी होती. नानांच्या अंगावर कोट नव्हता. तो मुलीने आपल्या हातावर घेतला होता.

गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांची पावलं आपोआप मंद झाली. तिथे कोणीच उभं नव्हतं. मुलगी पुढे होती, ती न थांबता आत शिरली, आणि मागून सगळे. हलक्या आवाजात बुद्धवंदना चालू होती. काही दारं बंद होती, काही उघडी, उघड्या दारांत बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या. ती म्हातारीही होती. मी खांदा द्यायला पुढे झालो आणि माझी उंची कमी पडल्यामुळे सगळ्यांचीच अडचण केली, तेव्हा एका दांडग्या पोराने मला सभ्यपणे बाजूला केलं.

दगडापाशी आलो. खांदेकरी घामाने भिजले होते. पण नानांचं सांगणं सगळ्यांना माहीत होतं. डिक्रीत जाणं आहे, थांबणं नाही. कोणी थांबलं नाही.

तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज आला. "थांबा रे."

आबा फार थकले होते. त्यांनी काठी शोधली, भिंतीला हात लावला, एक गुडघा सरळ केला, मग दुसरा. उठून उभे राहिले. श्वास घेतला.

"मन्हा आधी जावाव नही म्हने हाऊ," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग मोठ्याने, "टीशीले इसावा द्या. ठेवा आठे. मी सांगी रायनू."

खांदेकऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने दगडाकडे पाहिलं, मग आबांकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं.

"आबा, तुम्ही म्हणालात, ते पोचलं. पण बाबांनी हा मागितला नव्हता. तुमच्या सांगण्यावरून नको."

आबा उभेच राहिले. आणि नाना पुढे गेले.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. मी म्हटलं, "ती बरोबर बोलली, मला कळतं. पण जरा थांबायला हवं होतं. म्हातारा माणूस, एवढं उठून उभा राहिला."

ही बाहेर बघत होती. "थांबले होते की," ती म्हणाली. "आबांना उठायला लागला तेवढा सगळा वेळ थांबले होते. खांद्यावर घेऊन. खाली नाही ठेवलं, एवढंच."